दोन बोटांची जागा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगालाही श्वास घेऊ द्या. बुवांचे तळवे लाल झालेत, मला इथून दिसतंय! मागच्या मावशी, चहाचं पातेलं कुठं पळून जात नाही. या, पुढं या. बसलात? आता मन माझ्याकडं द्या.

एक प्रश्न घेऊन उभी आहे मी. दिसायला सोपा आहे. आमच्या गणिताच्या पेपरातला पहिला प्रश्नसुद्धा दिसायला सोपाच असतो, आणि तिथंच निम्मा वर्ग आडवा होतो! तर प्रश्न असा. माया कशाला म्हणायचं? समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपण जे करतो, ती माया? की समोरचा जगावा म्हणून जे करतो, ती माया?

काय म्हणालात आजोबा? दोन्ही? वा! पण या दोन्हींची गाठ पडली, आणि एकीसाठी दुसरी थोडा वेळ बाजूला ठेवावी लागली तर? थोडाच वेळ हं! तेवढ्या थोड्या वेळात काय होतं, ते ऐका.

खडकमाळ नावाची एक वस्ती. एका अंगाला उघडा माळ, दुसऱ्या अंगाला ऊस. पूर्वी तिथं बाजरी व्हायची. मग कालवा आला. कालव्यामागून ऊस आला. आणि उसामागून कोण आलं? बोला की! लाजता काय?

बिबट्या!

वस्तीवर त्याला बिबट्या नाही म्हणत बरं का. वाघच म्हणतात. ‘काल वाघ आल्ता.’ आपण कसं म्हणतो, काल पाहुणे आले होते, अगदी तसं. पण हा पाहुणा चहा घेत नाही. कोंबडी घेतो. करडू घेतो. आणि सगळ्यात आवडीनं काय घेतो? कुत्रा! कुत्र्याचा गळा धरायचा की झालं. आवाजसुद्धा येत नाही.

त्या वस्तीवर भिवाबाबा कोळपे राहायचे. जातीचे धनगर, सारी उमर मेंढरांमागं चाललेले. आता गुडघे बोलायला लागले म्हणून मेंढरं विकली आणि घर धरलं. मुलगा संपत, उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. आणि सून सुमन. दारात चार शेळ्या, कोंबड्यांचं खुराडं... आता मी माळकरी, मला अंड्याची चव विचारू नका! पण कोंबडीची माया मला कळते. पिल्लांवर पंख पसरते ना ती? मग मंडळी, त्या पंखाखालचा अंधार किती उबदार असेल!

लग्नाला बरीच वर्षं झाली, पण सुमनच्या घरात पाळणा हलला नव्हता. आणि एकदा पाळणा हलला नाही, की लोकांच्या जिभा हलतात. बिबट्या गळा एकदाच धरतो हो. लोक रोज धरतात!

अशात एका पहाटे वस्तीवरची एक कुत्री वाघानं नेली. मागं एक पिल्लू राहिलं. डोळेही धड उघडले नव्हते. सुमननं त्याला पदरात घेतलं. कापसाची वात करायची, शेळीच्या दुधात बुडवायची, आणि थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडायचा. जगलं! डोंगराच्या बाजूला सापडलं म्हणून नाव ठेवलं डोंगऱ्या.

शेजारच्या कौसाबाई. बाई मनानं वाईट नाही, पण तोंडाला झाकण नाही. त्या कुंपणावरून म्हणायच्या, “सुमे, कुत्र्याला इतकं न्हाऊमाखू घालतीस, आता बारसं बी घाल!”

सुमन काय म्हणायची? “घातलं असतं मावशी. पण तुम्हाला घुगऱ्या वाढायच्या म्हणजे मोठं पातेलं लागंल!”

हसा, हसा. पुढं हसायला फारसं मिळणार नाही.

पिल्लू मोठं झालं. भिवाबाबा एक दिवस सुनेला म्हणाले, “पोरी, तू वाढवलंस. आता त्याला राखायचं माझ्याकडं लागलं.” आणि बाबांनी काय केलं? जुन्या बैलाच्या साजाचं जाड कातडं काढलं, ते कुत्र्याच्या गळ्याच्या मापानं कापलं, आणि त्यात आतून बाहेर असे खिळे ठोकले. टोकं बाहेर! खिळ्यांचा पट्टा! धनगराच्या कुत्र्याचा हाच दागिना. वाघ गळा धरायला येतो, खिळे त्याच्या जबड्यात घुसतात, आणि तो सोडून पळतो.

पट्टा बांधताना बाबांनी सुनेला शिकवलं. “ही बघ. पट्टा आणि गळा, यांच्यामधी दोन बोटं घालायची. दोन्ही गेली, तर पट्टा बरोबर. मोकळं लई राहिलं, तर कुत्रं निसटतं. बोटं गेलीच न्हाईत, तर त्यो पट्टा नव्हं. फास.”

दर रविवारी, खंडोबाच्या वारी, बाबा डोंगऱ्याला पुढ्यात घ्यायचे. दोन बोटं पट्ट्यात सरकवायचे. “ठीक हाय!” म्हणायचे. डोंगऱ्या शेपटी हलवायचा. झाली तपासणी!

आणि पट्टा कामाला आला! एका संध्याकाळी वाघानं डोंगऱ्याला धरलं. धरलं, आणि तसंच टाकलं! धुळीत रक्त सांडलेलं. कुणाचं? वाघाचं! दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती बघायला आली. डोंगऱ्या असा चालत होता, असा चालत होता, की जणू सरपंच बिनविरोध निवडून आलाय!

पण मंडळी, इथं थांबा. त्या दिवशी डोंगऱ्याला काय कळलं? आपल्या गळ्यात खिळे आहेत, हे कळलं का? छे! मुक्या जिवाला खिळ्यातलं काय कळणार? त्याला एवढंच कळलं, की वाघ आला तर पळायचं नसतं. अंगावर जायचं असतं. वाघच पळतो! तेव्हापासून उसात वाळकं पाचट जरी हललं तरी तो धावून जायचा. दुसरी कुत्री घरात घुसायची, आणि हा पुढं जायचा.

ही गोष्ट मनात ठेवा. मी पुन्हा विचारणार आहे. परीक्षेला आहे!

आता सुमनचं काय? सुमनला तो पट्टा आवडायचा नाही. डोंगऱ्याला जवळ घ्यावं तर खिळे हाताला लागायचे. पदर अडकायचा. ती म्हणायची, “माझ्या लेकराला मी पोटाशी धरू नये म्हणून केलाय का हा?” बाबा म्हणायचे, “वाघानं धरू नये म्हणून केलाय.” आणि दोघंही खरं बोलत होते. भांडणात दोघंही खरं बोलत असतील, तर मंडळी, सोडवायचं कुणी?

चंपाषष्ठी आली! खंडोबाचा दिवस. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा. आणि त्या दिवशी देवाच्या खालोखाल मान कुणाला? कुत्र्याला! खंडोबाच्या पायाशी असतं ना ते? म्हणून घरच्या कुत्र्याला ओवाळायचं, भंडारा लावायचा, पहिला घास भरवायचा.

बाबा आणि संपत सकाळीच डोंगरावरच्या खंडोबाला निघाले. उंबऱ्यातून बाबा मागं वळले. “सुमन, भंडारा लावताना पट्टा काढावा लागंल. पण भरवून झालं की पयला पट्टा घाल. खालचा ऊस तुटलाय कालच. वाघाला लपायला जागा ऱ्हायली न्हाई.”

“घालते मामंजी.”

“दोन बोटं बघ.”

“बघते हो!”

गेले ते. सुमननं डोंगऱ्याला न्हाऊ घातलं, पाटावर बसवलं, आणि पट्टा काढला...

आणि बघते तर काय!

गळ्याभोवती केस नव्हते. कातडं सोललेलं. एका बाजूला तर ओली जखम! पट्टा केला तेव्हाचा कुत्रा आता भरला होता, मान जाड झाली होती, आणि आतलं जुनं कातडं दगडासारखं कडक झालं होतं. किती दिवस घासत होतं कुणास ठाऊक. आणि हा रोज शेपटी हलवत होता!

“आरं माझ्या सोन्या, सांगितलं का न्हाईस?”

कसा सांगणार? मुका जीव.

सुमननं हळद आणि खोबरेल लावलं. भंडारा कपाळाला लावला, गळ्यात झेंडूची मोकळी माळ घातली. रोडग्याचा घास भरवला. आणि मग पट्टा हातात घेतला. घालावा तर जखमेवर तेच कातडं. न घालावा तर बाबांचा शब्द. काय करावं? सांगा! घरी आई आहात ना तुम्ही? काय केलं असतं?

सुमननं काय केलं, ऐका. ती घरात गेली. पेटी उघडली. पेटीच्या तळाशी एक टोपडं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी शिवलेलं. मऊ, मलमलीचं. ज्याच्या डोक्यावर घालायचं, तो आलाच नाही. तिनं ते टोपडं बाहेर काढलं. थोडा वेळ मांडीवर ठेवलं. आणि कात्री लावली.

पट्ट्याला आतून अस्तर लावायला बसली! म्हणजे खिळे बाहेर वाघासाठी, आणि मलमल आत लेकरासाठी. इतकी शहाणी बाई हो! हिला मूर्ख कोण म्हणेल?

पण ते कातडं जाड. सुई जाता जाईना. एक एक टाका ओढायचा. दुपार झाली. कौसाबाई प्रसादाला आल्या.

“अगं बाई! पट्टा कुठाय त्याचा?”

“हा काय. अस्तर लावतेय.”

“आधी घाल, बाई. अस्तर उद्या लाव.”

“जखमेवर घालू? तुमच्या गळ्यात घालून बघा मावशी एकदा!”

“माझा गळा वाघाला नको हाय म्हणून बोलतीस व्हय?” कौसाबाई हसल्या. मग गंभीर झाल्या. “सुमे, घाल गं.”

“आज देवाचा दिवस, मावशी. आज काय होतंय!”

मंडळी! आपण सगळे म्हणतो हे. आज सणाचा दिवस, आज काय होतंय. एवढ्याशा अंतराला हेल्मेट कशाला! आज एक दिवस औषध नाही घेतलं म्हणून काय होतंय! अहो, षष्ठी आपल्या कॅलेंडरात. बिबट्याच्या घरात कॅलेंडर असतं का?

सूर्य टेकला. कोंबड्या खुराड्याकडं निघाल्या. सुमन दारातच बसलेली, मांडीवर पट्टा. शेवटची बाजू राहिली होती. चार-दोन टाके. डोंगऱ्या तिच्या पायाशी, झेंडूची माळ हुंगत. एक ठिपक्यांची कोंबडी पिल्लं घेऊन मागं रेंगाळली होती, बांधाच्या अंगाला. आणि तिथं...

पाचट हललं.

कोंबडी ओरडली. पिल्लं चौफेर उधळली. आणि डोंगऱ्या उठला!

आता विचारते. सांगा. डोंगऱ्या पळाला का घरात? नाही! का नाही? कारण त्याला ठाऊक होतं, वाघच पळतो. कुणी शिकवलं त्याला? पट्ट्यानं. पट्टा नव्हता, पण पट्ट्यानं दिलेलं धाडस होतं! पट्टा काढता येतो हो. ते धाडस कसं काढणार?

“डोंगऱ्या! मागं ये! डोंगऱ्या!”

त्यानं एकदा मागं बघितलं. आईचा आवाज. त्याला वाटलं असेल, आई म्हणतेय जा. आणि तो गेला. भंडारा लावलेलं कपाळ, गळ्यात फुलं. सरळ वाघाच्या तोंडावर.

सुमन धावली. हातात पट्टा, पट्ट्याला लोंबणारी सुई. आरडाओरडा झाला, कौसाबाई ताट बडवत आल्या, त्यांचा मुलगा दशरथ काठी घेऊन आला. एवढी माणसं बघून वाघानं टाकलं, आणि उसाच्या उरलेल्या पट्टीत गेला. कोंबडी वाचली. पिल्लं वाचली. बांधावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या.

डोंगऱ्यात जीव होता अजून. सुमननं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आणि मंडळी, तिनं काय करावं? तिनं तो पट्टा त्याच्या गळ्यात बांधला. तेव्हा! “घातला बघ, बाळा. घातला मी. मऊ हाय का? आता टोचत न्हाई ना?”

त्यानं शेपटी हलवली. एकदा.

मग नाही.

...

बुवा, नको. वाजवू नका आत्ता. असंच राहू द्या क्षणभर.

बाबा आणि संपत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. कपाळभर भंडारा, हातात प्रसाद. अंगणात माणसं. बाबांना कुणी सांगावं लागलं नाही. दशरथ एकटाच बोलत होता. तापलेला! “काका, आता गप बसायचं न्हाई. वाघ आपली शिकार सोडत न्हाई, माघारी येतोच. या मढ्यात औषध घालून बांधावर ठेवतो. सकाळी उताणा पडलेला दावतो तुम्हाला!”

संपतही म्हणाला, “घाल. घाल दशरथ!”

सुमन म्हणाली, “माझ्या लेकराला इख लावायचं न्हाई.”

“वहिनी, अवो मेलाय त्यो...”

“मेलाय, पण माझा हाय. जगला तवा त्यानं दारातलं एक पिल्लू जाऊ दिलं न्हाई. आता त्याच्या अंगानं कुणाला मारायचं न्हाई. उद्या तेच मढं कोल्हं खाईल, तुझं कुत्रं खाईल, घारी खातील. त्या सगळ्यांच्या आया मी कुठं शोधत फिरू?”

दशरथनं काठी खाली ठेवली.

बाबा हळूच डोंगऱ्यापाशी बसले. सवयीनं, मंडळी, निव्वळ सवयीनं, त्यांनी दोन बोटं पट्ट्यात सरकवली. आणि हात थबकला. आत मलमल लागली. त्यांनी पट्टा सोडवला. उलटून बघितला. टाके बघितले. मग खालची ती जखम बघितली.

“हे... हे कधीपासून?”

सुमननं मान खाली घातली. “तुमच्या पट्ट्याखाली होतं, मामंजी.”

“आगं, पण मी दर रविवारी बोटं घालून बघत हुतो!”

आणि बाबांनी आपली बोटं स्वतःच्या डोळ्यांपुढं धरली. उभा जन्म लोकर कातरलेली ती बोटं. घट्टे पडून लाकडासारखी झालेली. त्या बोटांना काय कळणार, पट्टा रुततोय की नाही? ती जोर लावून आत जात होती, आणि बाबा म्हणत होते, ठीक हाय! ठीक हाय!

सुमन रडत म्हणाली, “माझ्या हातानं गेला त्यो. पट्टा मी काढला.”

बाबा म्हणाले, “काढायची पाळी कुणी आणली, पोरी? म्या वाघाकडं बघून खिळे ठोकले. गळ्याकडं एकदा बी बघितलं न्हाई.” आणि तो पहाडासारखा म्हातारा, मंडळी, आपल्या सुनेपुढं लहान पोरासारखा रडला.

झेंडूच्या माळेसकट डोंगऱ्याला लिंबाखाली पुरलं. खड्डा खोल, वर जड दगड रचले, कुणी उकरू नये म्हणून.

दोन दिवस सुमननं तोंडात घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी उठली. पट्ट्याचे उरलेले टाके घातले आणि कौसाबाईंच्या दारात गेली. कौसाबाईंचं कुत्रं दाराशी दोरीनं बांधलेलं. ना पट्टा, ना आडोसा. वाघापुढं वाढून ठेवलेलं ताटच ते! सुमन खाली बसली. त्याच्या गळ्यात पट्टा बांधला.

ज्या तोंडाला झाकण नव्हतं, ते तोंड कौसाबाई पदरानं झाकून उभ्या राहिल्या.

सुमन म्हणाली, “मावशी, दोन बोटं घाला. तुमची घाला. तुमची अजून मऊ हायती. आणि दिवस मावळायच्या आत याला घरात घेत जा. पट्टा हाय म्हणून दारात टाकू नका.”

संपली गोष्ट.

आता तुम्ही म्हणाल, ताई, गोष्ट कुत्र्याची. आमच्या घरी कुत्रं नाही. बरं! पट्टा नाही का हो कुणाच्या गळ्यात?

माझी आई, ती बघा, खांबाला टेकून बसलीय, आता डोळे वटारेल! ती मला म्हणते, दिवेलागणीच्या आत घरात पाहिजेस. मैत्रिणीकडं पोचलीस की फोन कर. पट्टाच हा! आणि आम्ही पोरी काय म्हणतो? काढ ना आई, टोचतो! एक दिवस काय होतंय! मंडळी, आमचं टोचणं खोटं नसतं. पण बाहेर ऊस आहे, आणि उसात काय आहे, हेही खोटं नसतं. आणि आमचं निम्मं धाडस कुठून आलंय, हे आम्हाला कुठं ठाऊक असतं? आम्हाला वाटतं, वाघच पळतो!

म्हणून पोरींनो, पोरांनो, पट्टा टोचला तर भांडा. रडा. अस्तर लावून मागा. पण उसाकडं पळू नका.

आणि मोठ्या माणसांनो! राखता तुम्ही, मान्य. लेकीला राखता, सुनेला राखता, म्हाताऱ्या आईला राखता. पण राखताना नजर सारखी उसाकडं. गळ्याकडं कधी बघितलं? ‘ठीक हाय’ म्हणता, पण कुणाच्या बोटांनी? ती शेपटी हलवते, हसून चहा आणून देते, म्हणून आत जखम नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?

देवाला आपण राखणदार म्हणतो ना? मग राखायचं कसं, हे त्याच्याकडून शिका. त्याचा हात किती घट्ट, बघा, कधी सुटत नाही. आणि किती मऊ, की धरलाय हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

चला, आता नामाचा गजर करू. बुवा, आता वाजवा. पण माउली, टाळ उचलण्याआधी आपल्या हाताची दोन बोटं एकदा डोळ्यांपुढं धरा. नीट बघा. घट्टे पडलेत का?